नंबर तोच, मग कागद कशाला?

*"डॉक्टर, नमस्कार. मी मूळचा नाशिकचा, गेली अकरा वर्षं न्यू जर्सीत नोकरीला आहे. वय ३७. पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हापासून कॉन्टॅक्ट लेन्स वापरतो. चष्म्याचा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस साडेसहा आणि गेली पाच वर्षं तो हललेला नाही. इथे लेन्स घ्यायच्या तर डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं आणि त्याची मुदत वर्षभराची. माझी मार्चमध्ये संपली. ऑनलाइन ऑर्डर दिली तर कंपनीने नाकारली. आता तपासणीची फी, लेन्सच्या फिटिंगची फी वेगळी, अर्ध्या दिवसाची रजा आणि शेवटी कागदावर तोच आकडा! वैतागून बहिणीला फोन केला. तिने नाशिकमध्ये घराजवळच्या चष्म्याच्या दुकानात माझा नंबर सांगितला आणि पाच मिनिटांत सहा महिन्यांच्या लेन्स मिळाल्या. कुणी काहीही विचारलं नाही. डोळे माझे, पैसे माझे, मग मध्ये हा कागद कशाला? डॉक्टरांचा धंदा चालावा म्हणूनच हा कायदा केलाय ना? माझी भाची १७ वर्षांची आहे. दिवाळीनंतर घरात लग्न आहे, त्यात डोळे घारे दिसावेत म्हणून तिला रंगीत लेन्स हव्यात. तिला तर नंबरच नाही. तिलाही कागद लागावा का?*

*ता. क. बहिणीने पाठवलेल्या लेन्सनी संध्याकाळी डोकं जड होतं, स्क्रीनमुळे असेल. महिन्याच्या लेन्स मी दीड-दोन महिने पुरवतो. ट्रेनमध्ये कधी डुलकी लागते. मधूनमधून एक डोळा लाल होतो, पण भारतातून आणलेले थेंब टाकले की दोन दिवसांत जातो."*

प्रिय न्यू जर्सीकर,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, पण आधी ताजा कलमाबद्दल बोलू. पत्रातला मला सगळ्यात काळजीचा वाटलेला भाग तोच आहे.

हे वाचून झालं की लेन्स काढा आणि चष्मा लावा. जो डोळा मधूनमधून लाल होतो, तो डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर, पाहिल्याशिवाय पुन्हा लेन्स घालू नका. लाल डोळ्याबरोबर दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल किंवा आरशात बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, आजच्या आज जा. ती थेंबांची बाटलीही बरोबर न्या. तुम्ही तिचं नाव लिहिलेलं नाही, पण आपल्याकडच्या मेडिकलमध्ये 'डोळा लाल झालाय' एवढं सांगितलं की काउंटरवरून जे थेंब मिळतात, त्यात अँटिबायोटिकबरोबर बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने लाली झपाट्याने जाते आणि माणसाला वाटतं, बरं झालं. प्रत्यक्षात कारण जागच्या जागी असतं, फक्त त्याची खूण पुसली जाते. ते कारण बुरशी असेल किंवा नागिणीच्या जातकुळीतला हर्पिसचा विषाणू असेल, तर स्टेरॉइड त्याला मोकळं रान देतं. महिनोन्‌महिने असे थेंब टाकत राहिल्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू झालेले तरुण मी पाहिले आहेत. तेव्हा आता ते टाकू नका, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना 'कधीकधी टाकतो' असं मोघम सांगण्याऐवजी किती वेळा टाकलेत ते नीट सांगा.

आता डोकं जड होण्याबद्दल. बहिणीने दुकानात तुमचा चष्म्याचा नंबर सांगितला आणि दुकानदाराने त्याच नंबरच्या लेन्स दिल्या, असं मी धरून चालते. खोक्यावर मायनस ६.५० छापलंय का ते बघा. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते आणि लेन्स बुबुळावर टेकलेली असते. नंबर चारच्या आत असेल तर या अंतराने फारसं बिघडत नाही. पण मायनस साडेसहाच्या चष्म्याला लेन्स साधारण मायनस सहाची लागते. तुम्ही अर्धा नंबर जास्त घालून दिवसभर स्क्रीनसमोर बसता आहात. विशीत डोळा एवढं ओढून नेतो, सदतिसाव्या वर्षी त्याला ते जड जातं. कारण नक्की हेच आहे असं पत्रावरून म्हणणार नाही, पण तुमच्या जुन्या अमेरिकन प्रिस्क्रिप्शनवर लेन्सचा नंबर काय होता ते काढून बघा. तुम्ही ज्याला 'तोच आकडा' म्हणता, तो बहुधा तोच नव्हता.

आणि लेन्सचा कागद म्हणजे फक्त नंबरही नव्हे. त्यावर लेन्सची वक्रता असते, व्यास असतो, मटेरियल किंवा कंपनी असते. वक्रता ८.४ आणि ८.६ यांत फरक ०.२ मिलिमीटरचा, पण एखाद्या डोळ्यावर त्यातली एक लेन्स छान हलते आणि दुसरी चिकटून बसते. पापणी मिटली की लेन्स किंचित सरकायला हवी, तिच्याखालचे अश्रू बदलायला हवेत. ती सरकते की नाही, हे डोळ्यावर लेन्स घालून, भिंगाखाली बघितल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे दुकानात "सगळ्यांना आठ-सहा चालतं" असं सर्रास सांगतात. पुष्कळांना चालतंही. ज्यांना चालत नाही, ते काही वर्षांनी माझ्यासमोर येऊन बसतात.

आता तुमच्या रागाकडे येते, कारण त्यात तथ्य आहे आणि ते मी डॉक्टर म्हणून झाकणार नाही.

अमेरिकेत एक काळ असा होता की डोळे तपासणारे लोक लेन्सचा कागद पेशंटच्या हाती द्यायलाच तयार नसत. तपासणी त्यांच्याकडे आणि लेन्सही त्यांच्याचकडून, ते म्हणतील त्या भावाने. टपालाने स्वस्तात लेन्स विकणाऱ्या कंपन्या आल्या तेव्हा त्यांना माल मिळू नये म्हणून लेन्स बनवणाऱ्या कंपन्या आणि ऑप्टोमेट्रिस्टांची (डोळे तपासून नंबर देणाऱ्यांची) संघटना यांनी संगनमत केलं, असा आरोप झाला. नव्वदच्या दशकात तीसहून अधिक राज्यांच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे राज्यांच्या मुख्य सरकारी वकिलांनी, त्यावर खटला भरला आणि २००१ मध्ये तो तडजोडीने मिटला. तेव्हा 'डॉक्टरांचा धंदा' हा तुमचा संशय हवेतला नाही.

पण तुम्ही ज्या कायद्यावर चिडला आहात, तो डॉक्टरांनी करून घेतलेला नाही. तो त्या मक्तेदारीला लगाम घालायला आला. २००३ साली अमेरिकन काँग्रेसने तो केला आणि २००४ पासून लागू झाला. त्यात म्हटलंय की लेन्सचं फिटिंग पूर्ण झालं की पेशंटने मागो वा न मागो, कागद त्याच्या हातात द्यायचा. त्यासाठी वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, 'लेन्स आमच्याकडूनच घ्या' अशी अट घालायची नाही. तुम्ही तो कागद कुठल्याही दुकानात किंवा ऑनलाइन नेऊ शकता. विक्रेत्याने डॉक्टरांकडे खातरजमा मागितली आणि कामाच्या आठ तासांत डॉक्टरांचं उत्तर आलं नाही, तर तो कागद खरा मानून लेन्स पाठवायची मुभा आहे. काही वैद्यकीय कारण नसेल तर मुदत एक वर्षाहून कमी ठेवता येत नाही. २०२० मध्ये नियम आणखी कडक झाला. कागद मिळाल्याची पेशंटची सही घेऊन तिची नोंद ठेवायला डॉक्टरांना सांगितलं गेलं, कारण इतक्या वर्षांनंतरही काही जण कागद देत नव्हते.

म्हणजे तिथे कागद लागतो हे खरं, पण तो कागद तुमच्या मालकीचा आहे. आमच्या मालकीचा नाही. माझ्या मते हे असंच असायला हवं आणि भारतातही असंच हवं. कितीतरी दवाखान्यांत आजही फाइलमध्ये फक्त चष्म्याचा नंबर लिहून देतात, लेन्सचा तपशील स्वतःच्या वहीत ठेवतात, म्हणजे पेशंट पुढच्या वेळी परत तिथेच येईल. हे मला पटत नाही आणि माझ्या व्यवसायातल्या लोकांना मी ते तोंडावर सांगत आले आहे.

तरीही तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर 'हो, लेन्ससाठी कागद लागलाच पाहिजे' असंच आहे. का, ते एका पेशंटवरून सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ आले, वय चाळीसच्या आसपास. कंपनीच्या मेडिकल चेकअपसाठी कागद हवा होता, एवढ्याचसाठी आले होते. त्रास काही नाही. अठरा वर्षं लेन्स वापरत होते. अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, नंबर जुनाच निघाला. मग मी त्यांना स्लिट लॅम्पवर घेतलं. दोन्ही बुबुळांच्या कडेने, सगळ्या बाजूंनी, लालसर बारीक रक्तवाहिन्या आत शिरलेल्या होत्या. एका डोळ्यात तर जवळजवळ बाहुलीच्या काठापर्यंत.

मी बुबुळ म्हणते तो डोळ्यावरचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यात एकही रक्तवाहिनी नसते. म्हणूनच तो काचेसारखा स्वच्छ राहतो. रक्त नाही, म्हणजे प्राणवायू बाहेरून घ्यायचा. डोळा उघडा असताना हवेतून, अश्रूंमधून. डोळा मिटला की पापणीच्या आतल्या बाजूच्या वाहिन्यांकडून, आणि तोही उघड्या डोळ्यापेक्षा पुष्कळ कमी. त्यावर लेन्स ठेवली की हा पुरवठा आणखी घटतो. १९९९ च्या सुमारास आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्समधून जुन्या मऊ लेन्सपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू जातो, पण त्या महिन्याच्या जागी दोन महिने वापरल्या, त्यांच्यावर प्रथिनांचा थर बसला, घालून झोप काढली, की परिस्थिती बिघडतेच. वर्षानुवर्षं श्वास कोंडला की बुबुळ कडेच्या रक्तवाहिन्यांना आत बोलावतं. यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे दुखत काहीच नाही. उलट बरीच वर्षं लेन्स घातल्याने बुबुळाची संवेदनाच कमी झालेली असते. त्या गृहस्थांना अठरा वर्षांत काही कळलं नव्हतं, कारण कळायला ज्या खुणा लागतात त्यांतली एकही त्यांना जाणवणारी नव्हती. लेन्स बंद केल्यावर त्या वाहिन्यांतलं रक्त ओसरलं. वाहिन्यांच्या रिकाम्या रेघा मात्र अजून आहेत.

त्यांचाही नंबर 'तोच' होता.

मोबाइलवर अक्षरं वाचून घेऊन लेन्सचा कागद नवा करून देणाऱ्या सेवा तुमच्याकडे निघाल्या आहेत, त्यांच्याबद्दल माझं म्हणणं हेच आहे. त्या मुख्यतः दिसतंय किती ते मोजतात. बुबुळाच्या कडेला काय शिरलंय, वरची पापणी उलटी केल्यावर आत फोडांसारखे उंचवटे आलेत का, अश्रू पुरेसे आहेत का, हे फोनच्या पडद्यावर दिसत नाही.

आता स्वतःच्याच पत्राकडे जरा बघा. तुमच्या ताजा कलमात चार गोष्टी आहेत. नवीन लेन्सनी डोकं जड होतं, लेन्स मुदतीनंतर वापरता, घालून झोपता, लाल डोळ्यावर मनाने थेंब टाकता. ऑनलाइन लेन्स विकणारी कंपनी ऑर्डर घेताना तुम्हाला यातलं सहसा काही विचारणार नाही. बहिणीच्या दुकानदारानेही विचारलं नाही. वर्षातून एकदा तपासणीच्या खुर्चीत बसल्यावर आम्ही नेमकं हेच विचारतो. नंबर मोजणं हा त्या भेटीतला सगळ्यात लहान भाग आहे. कायद्याने कागद मागितला नसता, तर तुम्ही त्या खुर्चीत कधी बसला असता? डोळा खूप दुखायला लागला असता तेव्हाच. म्हणून मला तो कागद हवा आहे.

मुदत एक वर्षच असावी असा मात्र माझा हट्ट नाही. रोज नवी लेन्स घालून रात्री फेकून देणारा, लेन्स घालून न झोपणारा, ज्याच्या डोळ्यात तपासणीत काही सापडलं नाही असा प्रौढ माणूस दोन वर्षांनी आला तर मी त्याला ओरडणार नाही. तुमचा नंबर मोठा आहे, लेन्स महिन्याच्या आहेत आणि सवयी तुम्ही लिहिल्यात तशा. तुम्हाला मी वर्षाला एकदा बोलावीन, यंदा तर तीन महिन्यांनी पुन्हा.

कागद म्हणजे कवच, असंही मी म्हणणार नाही. २००६ साली लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत फ्युझॅरियम नावाच्या बुरशीच्या संसर्गाची साथ आली होती. अमेरिकेत, सिंगापूरमध्ये, हाँगकाँगमध्ये. धागा एका लेन्स सोल्युशनपर्यंत पोचला आणि कंपनीला ते जगभरातून परत घ्यावं लागलं. अमेरिकेत तेव्हा कागदाचा कायदा लागू होताच. डबीत उरलेल्या सोल्युशनमध्येच नवं ओतणं, डबी महिनोन्‌महिने न बदलणं, लेन्स नळाच्या पाण्याने धुणं, या गोष्टी कुठलाही कायदा न्हाणीघरात येऊन थांबवू शकत नाही. पाण्याचं तर मी प्रत्येकाला बजावते. नळाचं पाणी असो, टाकीचं असो, विहिरीचं असो की पोहण्याच्या तलावाचं, त्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सवर बसून बुबुळात गेला की महिनोन्‌महिने उपचार चालतात आणि वेदना अशी असते की धडधाकट माणूस रडतो. लेन्सला पाणी लागताच कामा नये. अंघोळीच्या आधी लेन्स काढायची.

धोका किती, हेही सांगते, म्हणजे मी भीती घालते आहे असं वाटायला नको. मऊ लेन्स दिवसा वापरून रात्री काढणाऱ्यांत दर १०,००० माणसांमागे वर्षाला साधारण २ ते ४ जणांना बुबुळाचा जंतुसंसर्ग होतो. हा आकडा लहान आहे. म्हणूनच मी लेन्सच्या विरोधात नाही, माझ्या घरातही लेन्स वापरतात. लेन्स घालून झोपणाऱ्यांत मात्र तो २० च्या घरात जातो. तुमची ट्रेनमधली डुलकी रात्रभराच्या झोपेइतकी वाईट नाही, पण ज्या महिन्याच्या लेन्स दोन महिने चालल्या आहेत त्यांच्यावरची डुलकी मला नको आहे. ट्रेनमध्ये झोप येते हे तुम्हाला माहीत आहे ना, मग त्या प्रवासात चष्मा लावा.

भाचीचा प्रश्न तुम्ही शेवटी आणि जाता जाता विचारलात. मला तो तुमच्या प्रश्नाहून मोठा वाटतो.

तिला नंबर नाही, म्हणून कागद नको, असं तुम्हाला वाटतं. नंबर असलेल्या लेन्सला आणि नुसत्या रंगाच्या लेन्सला बुबुळाच्या दृष्टीने काही फरक नाही. दोन्ही त्याच जागी बसतात आणि तोच प्राणवायू अडवतात. अमेरिकेने २००५ मध्ये कायदा बदलून हे स्पष्ट केलं. नंबर नसलेली, फक्त शोभेची लेन्सही वैद्यकीय साधनच आहे आणि तिलाही प्रिस्क्रिप्शन लागतं. ब्रिटनमध्येही शोभेच्या लेन्स नोंदणीकृत ऑप्टिशियन किंवा डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय विकता येत नाहीत. भारतात १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय साधनं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. पण तुमच्या बहिणीच्या गल्लीत आणि माझ्या दवाखान्यासमोरच्या बाजारात काय चालतं, ते तुम्ही अनुभवलंच आहे. टिकल्या, बांगड्या, खोट्या पापण्या विकणाऱ्या दुकानात मी रंगीत लेन्स लटकवलेल्या पाहिल्या आहेत.

कॉलेजातली एक मुलगी माझ्याकडे आली होती, तुमच्या भाचीहून दोन वर्षांनी मोठी. स्नेहसंमेलनासाठी अशाच एका दुकानातून निळ्या लेन्सची एक जोडी घेतलेली. तिघी मैत्रिणींनी आळीपाळीने घालून फोटो काढले, मध्ये बाटलीतल्या पिण्याच्या पाण्याने धुऊन. शनिवारी रात्री डोळा खुपायला लागला. रविवारी घरच्यांनी 'डोळे आले असतील' म्हणून थेंब टाकले. सोमवारी सकाळी तिला घेऊन आले तेव्हा बुबुळावर पिवळट पांढरा घाव होता आणि पापण्या सुजून बंद झालेल्या. जंतू स्युडोमोनास निघाला. तो बुबुळ दिवसांच्या हिशोबात पोखरतो, आठवड्यांच्या नाही. दिवस-रात्र दर तासाला थेंब घालावे लागतात, आई आणि आजी पाळीने उठत होत्या. डोळा वाचला. पण घाव बरोबर मधोमध होता आणि भरून आला तो पांढऱ्या डागाने. आपल्याकडे म्हणतात तसं डोळ्यात फूल पडलं. तिला आता त्या डोळ्याने दिसायचं तर बुबुळ बदलण्याचं ऑपरेशन लागेल, त्यासाठी ती दान मिळालेल्या बुबुळाच्या प्रतीक्षेत आहे. त्या लेन्सचे तिने किती पैसे दिले होते, हे मी विचारलं होतं. जेवणाच्या एका थाळीइतके.

भाचीला नाही म्हणू नका, नाही म्हटलं की ती बाहेरून घेईल. बहिणीला सांगा, तिला लग्नाच्या निदान महिनाभर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. रंगीत लेन्स चांगल्या कंपन्यांच्याही मिळतात, रोज फेकायच्याही मिळतात. तिचं बुबुळ, अश्रू, पापण्या बघून कुठली बसते ते डॉक्टर ठरवतील आणि घालायला-काढायला शिकवतील. चारपाच दिवस घरी दोन-दोन तास सवय करू दे. आयुष्यात पहिल्यांदा लेन्स घालायची ती हळदीच्या दिवशी, घाईत, हाताला हळद लागलेली, हे नको. साबणाने हात धुऊन कोरडे करायचे, आधी लेन्स आणि मग काजळ आणि मेकअप. रात्री उलट, आधी लेन्स काढायच्या आणि मग मेकअप उतरवायचा. कुणाला घालायला द्यायच्या नाहीत, सख्ख्या बहिणीलाही. आणि डोळा जरा जरी लाल झाला किंवा खुपला, तर फोटो राहिले तरी चालतील, लेन्स काढायची.

तुमच्यासाठी आता हिशोबाचं. नोकरीतून डोळ्यांचा विमा मिळत असेल तर त्यात वर्षाची तपासणी बहुतेक वेळा असते, लेन्सच्या फिटिंगचा काही भाग असतो का ते विचारून घ्या. आरोग्यखर्चासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला टाकायची सोय असेल तर तपासणी आणि लेन्स दोन्ही त्यातून होतात. फोन करताना 'लेन्सची तपासणी' असंच सांगा, नुसती चष्म्याची नव्हे, आणि फिटिंगची फी आधीच विचारा. दोन-तीन ठिकाणी विचारलंत तर फरक दिसेल. त्या दिवशी चष्मा लावून जा, पण सध्याच्या लेन्सची खोकी बरोबर न्या, थेंबांची बाटली न्या. निघताना कागद मागायची गरज पडू नये, पण पडली तर तो तुमचा हक्क आहे हे त्यांना सांगा. मग लेन्स जिथे स्वस्त मिळतील तिथून घ्या, मुदत संपायच्या आत वर्षभराच्या मागवून ठेवा.

बहिणीने पाठवलेली उरलेली खोकी तपासणी होईपर्यंत उघडू नका. नंबर आणि वक्रता तुमच्या नव्या कागदाशी जुळली तर डॉक्टरांना विचारून वापरा. नाही जुळली तर टाकून द्या, दुसऱ्या कुणाला देऊ नका. आणि लाल होणाऱ्या त्या डोळ्यात काय निघालं ते मला कळवा, मी वाट बघते आहे.